मुंबईचा पूर्व मुक्त मार्ग : कोंडी कशी सुटते आणि कुठे जाते



मागच्या सत्रात नववीच्या वर्गात मुंबईचा भूगोल चालू होता. मागच्या बाकावरून एक प्रश्न आला. "सर, मुंबईत इतके पूल बांधले, तरी बातम्यांत रोज ट्रॅफिक जामच दाखवतात. मग पुलांचा उपयोग काय?" वर्ग हसला. एकाने तर, जाम नदी आमची आणि जाम मात्र मुंबईत, अशी कोटीही केली. तास संपला आणि उत्तर राहून गेले. ते उत्तर दोन वाक्यांत मावणारे नव्हते, म्हणून या अंकात सविस्तर देत आहे. पालकांनी व विश्वस्त मंडळींनीही ते वाचावे, कारण शेवटी हा विषय आपल्या गावाच्या रस्त्यापर्यंत येऊन पोचतो.

माझे एक मामा मूळचे सौंसरचे. नोकरीच्या निमित्ताने मुंबईला गेले आणि चेंबूरला स्थायिक झाले. सन २००६ च्या मे महिन्यात मी त्यांच्याकडे काही दिवस होतो. परतीचे आरक्षण विदर्भ एक्सप्रेसचे, सीएसटीहून. सामान जास्त होते म्हणून टॅक्सी केली आणि गाडीच्या दोन तास आधी निघालो. अंतर सोळा-सतरा किलोमीटर. आपल्याकडे पांढुर्ण्याहून निघालेल्या माणसाला एवढ्या अंतराची चिंता वाटत नाही. पण सायनपासून डॉ. आंबेडकर रोडला लागलो आणि दादर, परळ, लालबाग, भायखळा करत टॅक्सी अक्षरशः सरपटू लागली. चौदा सिग्नल मोजले, पुढे मोजणे सोडून दिले. स्टेशनात पोचलो तेव्हा फलाटावर झाडू मारणे चालू होते. आईच्या तपासणीचे सगळे कागद माझ्या पिशवीत होते आणि दुसऱ्या दिवशी नागपूरला डॉक्टरांची वेळ घेतलेली होती. ती हुकली. पुढची तारीख तीन आठवड्यांनंतरची मिळाली. आई काही बोलली नाही, पण ते तीन आठवडे मला आजही आठवतात.

आता नकाशा काढा. मुंबई ही उत्तर-दक्षिण पसरलेली लांबट पट्टी आहे. दक्षिण भागात तर दोन बाजूंच्या समुद्रांमधले अंतर जेमतेम चार-पाच किलोमीटर भरते. कचेऱ्या, गोदी, बाजार, न्यायालय, मंत्रालय हे सगळे वर्षानुवर्षे दक्षिण टोकाला आणि वस्ती मात्र उत्तरेकडे वाढत गेलेली. म्हणजे सकाळी सगळ्यांनी दक्षिणेकडे जायचे व संध्याकाळी सगळ्यांनी उत्तरेकडे यायचे. नागपूरसारख्या शहराला चारी दिशांनी रस्ते फुटतात, एक तुंबला तर दुसरा घेता येतो. मुंबईला ती सोय निसर्गानेच दिलेली नाही.

सन १९६२ मध्ये विल्बर स्मिथ या अमेरिकन सल्लागार कंपनीने मुंबईच्या रहदारीचा अभ्यास हाती घेतला आणि पुढे शहराच्या दोन्ही किनाऱ्यांनी उत्तर-दक्षिण मुक्त मार्ग काढण्याची शिफारस केली. पश्चिम किनाऱ्यावरच्या त्या कल्पनेतून पुढे वांद्रे-वरळी सागरी सेतू आला, तो ३० जून २००९ रोजी सुरू झाला. पूर्व किनाऱ्यावर गोदीची लांबच लांब जमीन होती. प्रिन्सेस डॉक, व्हिक्टोरिया डॉक, १९१४ चे अलेक्झांड्रा डॉक, त्यांच्यामागे गोदामे व रुळांचे जाळे. शहराच्या मधोमध रस्ता काढायचा तर हजारो घरे पाडावी लागतात. येथे बराचसा भाग तेव्हाच्या मुंबई पोर्ट ट्रस्टच्या ताब्यात होता, म्हणून मार्ग काढणे त्या मानाने सोपे होते. तरी शिफारस आणि रस्ता यांच्यामध्ये अर्धे शतक गेले.

मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाने २००८ च्या सुमारास काम सुरू केले. केंद्राच्या जवाहरलाल नेहरू राष्ट्रीय नागरी पुनर्निर्माण योजनेतून त्याला पैसा मिळाला. दक्षिणेकडे पी. डी'मेलो रोडवर, ऑरेंज गेटपाशी, हा मार्ग सुरू होतो. (नाव ऐकून आपल्याला संत्री आठवणारच! आणि पी. डी'मेलो हे गोदी कामगारांचे पुढारी होते, हेही लक्षात ठेवा.) तेथून वडाळ्याच्या बाजूने आणिकपर्यंत सुमारे नऊ किलोमीटर तो खांबांवरून जातो. मग जमिनीवर उतरतो, एका टेकडीतून जुळ्या बोगद्यांनी पलीकडे निघतो आणि पांजरापोळला पोचतो. हा भाग जून २०१३ मध्ये खुला झाला. पांजरापोळ ते घाटकोपर-मानखुर्द जोडरस्ता हा शेवटचा तुकडा मार्गातल्या झोपड्यांच्या पुनर्वसनामुळे रखडला व जून २०१४ मध्ये सुरू झाला. एकूण लांबी सुमारे १६.८ किलोमीटर. माजी मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांचे नाव त्याला देण्यात आले आहे.

'मुक्त' म्हणजे टोल नाही, असा पुष्कळांचा समज असतो. पूर्व मुक्त मार्गाला टोल नाही हे खरेच, पण शब्दाचा अर्थ तो नव्हे. मुक्त म्हणजे अडवणुकीपासून मुक्त. चौक नाही, सिग्नल नाही, रस्त्याकडेला दुकान नाही, थांबलेली हातगाडी नाही, मध्येच वळणारे वाहन नाही. चढायचे ते ठरलेल्या जागी, उतरायचे तेही ठरलेल्या जागी.

एवढ्याने काय होते, ते हिशोबाने पाहू. वही काढा.

चालत्या वाहनांत सुरक्षित अंतर हवे. समजा एकामागून एक वाहन दोन-दोन सेकंदांनी जाते. एका तासात सेकंद ३६००. म्हणजे एका मार्गिकेतून, विनाअडथळा, तासाला १८०० वाहने जातील. आता त्याच मार्गिकेवर चौक आणा. सिग्नलचा फेरा १२० सेकंदांचा धरा आणि आपल्या बाजूला हिरवा दिवा ४० सेकंद. चाळीस सेकंदांत वीस वाहने जायला हवीत. पण थांबलेली रांग एकदम हलत नाही. पहिला चालक दिवा पाहतो, गिअर टाकतो, मग दुसरा, मग तिसरा. एक-दोन वाहनांचा वेळ यातच जातो. समजा अठरा गेली. तासात असे तीस फेरे होतात. अठरा गुणिले तीस, ५४०. म्हणजे सिग्नल नसलेली एक मार्गिका सिग्नल असलेल्या तीन मार्गिकांपेक्षा जास्त वाहने नेते, तेवढ्याच रुंदीचे डांबर वापरून! मुक्त मार्गाचे सगळे सामर्थ्य या गुणाकारात आहे. लोकांना वाटते तो वेगामुळे कामाचा आहे. वेग हा त्याचा परिणाम आहे. कारण आहे ते न थांबणे.

यात एक उपप्रश्न वर्गात हमखास येतो. वाहने अधिक जवळजवळ चालवली तर आणखी जास्त जातील का? थोड्या मर्यादेपर्यंत. त्यापुढे एकाने ब्रेक दाबला की मागच्याने जरा जास्त दाबायचा, त्याच्या मागच्याने आणखी जास्त, आणि अर्धा किलोमीटर मागे कोणीतरी पूर्ण थांबतो. तेथे अपघात नसतो, खड्डा नसतो, तरी कोंडी असते. तुम्ही घरी धान्याच्या पोत्यात नरसाळे लावून पाहा. हळू ओतले तर दाणे सरसर खाली जातात, एकदम ओतले की तोंडाशी अडकून बसतात.

दुसरी गोष्ट मला त्याहून महत्त्वाची वाटते. रस्त्यावर दोन जातींची रहदारी असते. एक स्थानिक : भाजी आणायला निघालेली, मुलाला शाळेत सोडणारी, दुकानापुढे माल उतरवणारी. दुसरी लांबची : तिला या भागात काहीच काम नाही, फक्त पलीकडे जायचे आहे. २००६ साली माझ्या टॅक्सीला लालबागेत काय काम होते? काही नाही. तरी लालबागच्या चौकात मी लालबागकरांची जागा अडवून बसलो होतो आणि ते माझी. मुक्त मार्ग ही दुसरी जात उचलून वेगळी काढतो. म्हणून त्याचा लाभ वर चढणाऱ्याला मिळतो तसा, निदान काही काळ, खाली राहणाऱ्यालाही मिळतो.

२०१५ च्या डिसेंबरात पुन्हा मामांकडे जाण्याचा योग आला. परतताना टॅक्सीवाल्याने न विचारताच मुक्त मार्ग धरला. बोगदा ओलांडला, डाव्या हाताला बंदराची गोदामे, मध्येच खाडीचे चमकते पाणी. वीस मिनिटांत गोदीजवळ आलो. मी घड्याळाकडे पाहत होतो आणि खोटे कशाला सांगू, मला आईचे ते कागद आठवले. २००६ साली हा रस्ता असता तर!

पण गोष्ट येथे संपत नाही. ऑरेंज गेटपाशी उतार सुरू झाला आणि टॅक्सी थांबली. पुढे शेकडो मोटारी. वीस मिनिटांत सगळा मुक्त मार्ग आणि नंतरच्या दीड किलोमीटरला जवळजवळ तेवढाच वेळ. गाडी मिळाली, कारण मामांनी मला अडीच तास आधी घराबाहेर काढले होते. जुन्या माणसांचा रस्त्यांवर विश्वास नसतो.

असे का झाले, हे वरच्या हिशोबातूनच निघते. मुक्त मार्गाची एक मार्गिका तासाला १८०० वाहने आणून टाकते आणि खालचा सिग्नलचा रस्ता एका मार्गिकेतून ५४० च घेऊ शकतो. उरलेली कोठे उभी राहणार? उतारावर. पूर्वी सतरा किलोमीटरभर पसरलेली कोंडी आता तोंडाशी गोळा झाली. म्हणूनच आता ऑरेंज गेटपासून मरीन ड्राइव्हपर्यंत जमिनीखालून बोगदा काढण्याचे काम हाती घेतले आहे. उत्तरेकडे हा मार्ग घाटकोपरहून ठाण्यापर्यंत वाढवण्याचेही काम आहे. १२ जानेवारी २०२४ रोजी सुरू झालेला शिवडी-न्हावा शेवा अटल सेतू, २१.८ किलोमीटरचा, तोही शिवडीजवळ याच मार्गाला येऊन मिळतो. एका रस्त्याची सोय केली की त्याच्या टोकाला दुसऱ्या रस्त्याची गरज जन्माला येते.

आणखी एक कारण आहे. अँथनी डाउन्स नावाच्या अमेरिकन अर्थतज्ज्ञाने १९६२ सालीच, म्हणजे मुंबईचा तो अभ्यास हाती घेतला त्याच वर्षी, एक नियम मांडला : शहरातला मुक्त मार्ग गर्दीच्या वेळी भरेपर्यंत भरत राहतो. नवा रस्ता मोकळा दिसला की दुसऱ्या रस्त्याने जाणारे त्यावर येतात. गर्दी टाळून लवकर निघणारे आता ऐन वेळी निघतात. रेल्वेने जाणारे काहीजण मोटार काढतात. मग काही वर्षांत रस्ता पूर्वीइतकाच भरलेला. यावरून रस्ता बांधणे व्यर्थ असे काहीजण म्हणतात. मला ते पटत नाही. आता त्याच वेळात पूर्वीपेक्षा जास्त माणसे ये-जा करतात, हा लाभच आहे. मात्र कोंडी कायमची संपेल असे सांगून कोणी रस्ता बांधत असेल तर त्यावर विश्वास ठेवू नये. दक्षिण कोरियात सोल शहराने तर उलटेच केले. चोंग्येचॉन नावाच्या ओढ्यावर बांधलेला उन्नत महामार्ग त्यांनी २००३ मध्ये पाडायला घेतला आणि २००५ मध्ये तेथे ओढा पुन्हा मोकळा केला. लोक आता तेथे संध्याकाळी फिरायला जातात.

त्या दिवशी मामांना मी मोठ्या उत्साहाने म्हणालो की काय सुंदर रस्ता झाला आहे. मामा मुंबईत चाळीस वर्षे राहिले तरी बोली सौंसरचीच. म्हणाले, "बावा, तुह्या टॅक्सीले रस्ता भेटला, चांगलं झालं. मी त तीस वर्स हार्बरच्या डब्यात उभा राहूनच गेलो. मले काय भेटलं?" मामेभाऊ मोटारसायकलने फोर्टला जातो. त्याने तर हसून हात जोडले. मुक्त मार्गावर दुचाकीला मनाई आहे. रिक्षाला मनाई, जड मालवाहू गाड्यांना मनाई, पायी चालणाऱ्याला अर्थातच मनाई. कारण योग्य आहे : जोरात जाणाऱ्या मोटारींमध्ये दुचाकी घसरली तर जीव जातो. पण एकाच घरातल्या तिघांपैकी चौदाशे कोटींहून अधिक खर्चाचा हा रस्ता थेट वापरता आला तो फक्त पाहुण्याला.

पुन्हा वही काढा. मुंबईच्या उपनगरी रेल्वेने रोज सत्तर लाखांच्या आसपास प्रवास होतात. बारा डब्यांच्या एका लोकलमध्ये गर्दीच्या वेळी साडेचार हजार माणसे कोंबलेली असतात. ही माणसे मोटारीने न्यायची ठरवली, मोटारीत दोघे धरले, तर २२५० मोटारी. एका मार्गिकेतून तासाला १८०० जातात, म्हणजे एका लोकलची माणसे मुक्त मार्गाच्या एका मार्गिकेतून जायला सव्वा तास लागेल. त्या सव्वा तासात रुळांवरून आणखी कितीतरी लोकल गेलेल्या असतील, कारण गर्दीच्या वेळी तीन-चार मिनिटांनी गाडी असते. मामांचा प्रश्न गणिताने असा सुटतो. मुक्त मार्ग वाहने मोकळी करतो. माणसे मोकळी करायची तर लोकल, मेट्रो आणि बस यांची संख्या वाढवावी लागते. दोन्ही लागतात, पण पैसा कमी असेल तर आधी काय, हा प्रश्न विचारण्याचा हक्क मामांना आहे.

आता आपल्याकडे या. पांढुर्णा आणि सौंसर या दोन्ही तालुक्यांचा मिळून ऑक्टोबर २०२३ मध्ये वेगळा जिल्हा झाला. जिल्ह्याचे ठिकाण म्हणजे कचेऱ्या वाढणार, वाहने वाढणार. आपल्या दोन्ही गावांचे रस्ते, पांढुर्ण्याकडून येणारा आणि सौंसरकडून येणारा, सावनेरला एकत्र होतात आणि कोराडी, मानकापूर करत नागपुरात शिरतात. मानकापूरहून सदरकडे जाणारा उड्डाणपूल तुम्ही पाहिला असेल. पुलावर बस कशी भरधाव जाते आणि पूल संपला की कशी रांगेत लागते, हे बाबांबरोबर गेलात तर या वेळी मुद्दाम पाहा. ऑरेंज गेटचे छोटे रूप दिसेल.

गावात मुक्त मार्गाची गरज नाही. पण त्याचे तत्त्व आपल्याकडेही वापरलेले आहे, त्याला आपण बायपास म्हणतो. लांबचे ट्रक गावाबाहेरून काढले की गावातला रस्ता गावाला मिळतो. मात्र मुंबईत जी एक काळजी घेतली ती आपल्या महामार्गांवर सगळीकडे घेतलेली दिसत नाही. पूर्व मुक्त मार्ग कोणी पायी ओलांडत नाही, कारण तो बराचसा खांबांवर आहे आणि खाली जुना रस्ता शिल्लक आहे. आपल्याकडे चौपदरी महामार्ग जमिनीवरून जातो. एका बाजूला गाव, दुसऱ्या बाजूला शेत. भुयारी वाट लांब पडते म्हणून माणसे दुभाजकातल्या फटीतून जातात, बैलजोडी जाते, सायकलवर दप्तर लावून मुले जातात. चालकाच्या डोक्यात असते की हा मोकळा रस्ता आहे. ओलांडणाऱ्याच्या डोक्यात असते की हा गावचा रस्ता आहे. दोघेही आपापल्या परीने बरोबर असतात, आणि अपघात होतात ते याच ठिकाणी. आपल्या शाळेची जी मुले महामार्गापलीकडून येतात त्यांनी भुयारी वाटेनेच यावे, दहा मिनिटे जास्त लागली तरी. जेथे अशी वाट नाही तेथील पालकांनी शाळेकडे लेखी कळवावे. विश्वस्त मंडळाने ती पत्रे एकत्र करून संबंधित कचेरीकडे पाठवावीत, अशी माझी विनंती आहे.

शेवटी स्वाध्याय. गावातून जाणाऱ्या रहदारीत लांबची किती आणि स्थानिक किती, हे आपण स्वतः मोजू शकतो. दोन गट करा. एक गट मुख्य रस्त्यावर गावाच्या एका टोकाला, दुसरा दुसऱ्या टोकाला, प्रत्येक गटाबरोबर एक पालक किंवा शिक्षक. रस्त्यावर उतरायचे नाही, ओट्यावर किंवा दुकानाच्या पायरीवर बसायचे. सकाळी दहा ते साडेदहा, गावात शिरणाऱ्या व बाहेर पडणाऱ्या प्रत्येक मोटारीचे व ट्रकचे शेवटचे चार आकडे आणि वेळ लिहायची. एमपी २८ आहे की एमएच ३१, ४० किंवा ४९ आहे, तेही टिपा. मग दोन्ही याद्या शेजारी ठेवा. जो आकडा एका टोकाला आत शिरताना व दहा मिनिटांच्या आत दुसऱ्या टोकाला बाहेर पडताना सापडेल, ते वाहन लांबचे. उरलेली स्थानिक. शंभरात किती लांबची, ते काढा. मुंबई असो की अमेरिका, रस्त्याची आखणी करण्यापूर्वी अभियंते अशाच याद्या करतात. दुचाकी मोजू नका, त्या इतक्या वेगाने जातात की तुम्ही चुकाल, आणि मीही चुकलो होतो.

तक्ते दिवाळीच्या सुटीनंतर पहिल्या आठवड्यात वर्गशिक्षकांकडे द्यावेत. पांढुर्णा आणि सौंसर, दोन्हीकडचे आकडे पुढच्या अंकात शेजारीशेजारी छापू.